जिवाचं कर्ज आपण कुठं लिहितो?

२६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की आमच्या शाळेत भाषणांची तयारी सुरू होते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन्ही भाषांतली भाषणं लिहून द्यायचं काम माझ्याकडेच येतं. इतक्या वर्षांत मी किती मुलांना अब्दुल हमीद लिहून दिला असेल, त्याची मोजदाद नाही. १० सप्टेंबर १९६५, खेमकरण, जीपवर बसवलेली तोफ, समोर पॅटन रणगाडे, मरणोत्तर परमवीर चक्र. मुलं पाठ करतात, हात उंचावून म्हणतात, टाळ्या पडतात. मग पाहुण्यांपैकी कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "वा सर, असे मुसलमान हवेत." मी हसतो आणि चहाचा कप पुढे करतो.

यंदा सातवीतल्या एका मुलानं भाषणाचा कागद हातात घेतला आणि विचारलं, "सर, आपल्यातल्या कुणाला नाही मिळालं का असं पदक?"

मी म्हटलं, "अरे, अब्दुल हमीद आपल्यातलेच ना."

तो म्हणाला, "तसं नाही सर. ते युपीचे. आपल्यातलं म्हणजे इकडचं. महाडचं, पोलादपूरचं."

मी गप्प झालो. त्या पोरानं 'आपलं' म्हणताना गाव, नदी, रस्ता धरला होता. मी मात्र 'आपलं' ऐकल्याबरोबर मजहब धरला. चाळिशी ओलांडलेल्या मास्तरापेक्षा बारा वर्षांच्या मुलाचं 'आपलं' मोठं निघालं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता ज्या गोष्टी समोर आल्या, त्या आज लिहितो. त्यातली शेवटची माझ्या स्वतःच्या चुकीची आहे.

आधी त्याचं सरळ उत्तर. महाडहून मुंबईकडे निघालं की तासाभरात माणगाव येतं. तिथं नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. एसटीच्या खिडकीतून आपण तो शेकडो वेळा पाहिला असेल. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. उरला तो एकटा. तो थांबला नाही. हातबॉम्ब फेकून त्यानं मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसं बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांवर तुटून पडला. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय २२. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आपल्या रायगड जिल्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याचा हा माणूस. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे, जिथं पिढ्यान् पिढ्या घराघरांतून माणसं सैन्यात जातात. गावाच्या नावातच फौज आहे. 'इकडचं कोणी' म्हणून मुलाला सांगायला आपल्याकडे कमी नाही, सांगणाराच कमी पडतो.

पण मी थोडं पुढे वाचत गेलो तेव्हा वेगळीच गोष्ट लक्षात आली. व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला १८५६ साली. हिंदी शिपायांना तो मिळण्याची मुभा झाली १९११ साली. मधली ५५ वर्षं हिंदी शिपाई शूर नव्हते का? त्यांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळत होती, पण सगळ्यांत मोठ्या पदकाचं दार बंद होतं, कारण नियमात त्यांचं नाव नव्हतं. दार उघडल्यावर तीन वर्षांतच, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी, बेल्जियममध्ये १२९ व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खान यांनी मशीनगनवरचे बाकीचे सगळे साथीदार मेल्यावरही जखमी अवस्थेत लढून ते पदक कमावलं. खुदादाद खान १९११ च्या आधी लढले असते तर शौर्य तेवढंच असतं, पदक मात्र ते मिळालं नसतं.

याच महाड तालुक्यातल्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा, १८९० च्या दशकात, त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. आमच्या लोकांनी तुमच्यासाठी लढाया केल्या, आता आम्हालाच दार बंद का, असा त्या अर्जाचा मतलब होता. लढून झाल्यावरही कागद लिहावा लागतो, हे त्या माणसाला कळलं होतं.

म्हणून मला आता असं वाटतं की पदक दोन गोष्टींनी बनतं. एक, कुणीतरी जीव धोक्यात घालतो. दोन, दुसरा कुणीतरी ते पाहतो, लिहितो आणि योग्य टेबलावर पोचवतो. पहिल्या गोष्टीवर आपण भाषणं करतो. दुसरीबद्दल कुणी बोलत नाही.

स्वतंत्र भारताच्या परमवीर चक्राची गोष्ट पाहा. ते जाहीर झालं २६ जानेवारी १९५० रोजी, पण लागू केलं १५ ऑगस्ट १९४७ पासून, म्हणजे काश्मीरच्या पहिल्या लढाईत लढलेले सुटू नयेत. नियम करणाऱ्यांनी मुद्दाम मागे वळून पाहिलं. त्या पदकाचं चित्र काढलं सावित्री खानोलकर यांनी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली. कांस्याच्या छोट्या गोल तुकड्यावर त्यांनी इंद्राचं वज्र कोरायला दिलं. आमच्या उशापायथ्याशी वाहणारी नदीही सावित्रीच, म्हणून हे नाव मुलांना सांगितलं की कधी विसरत नाहीत.

१९४८ च्या एप्रिल महिन्यात नौशेरा ते राजौरी रस्त्यावर कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे सुरुंग काढत होते. वरून तोफगोळे पडत होते, मांडीला जखम झाली होती, तरी ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस ते आणि त्यांची माणसं रणगाड्यांसाठी वाट मोकळी करत राहिली. राजौरीत अडकलेल्या लोकांपर्यंत फौज पोचली ती त्या वाटेनं. राणे यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते घ्यायला ते जिवंत होते. त्याच नौशेरा भागात ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांची ब्रिगेड होती. झांगड परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. मार्च १९४८ मध्ये झांगड घेतलं. ३ जुलैला तिथंच तोफगोळ्यानं ते शहीद झाले. महावीर चक्र, मरणोत्तर.

एक राणे, एक उस्मान. एकाच डोंगराळ मुलखात, एकाच लढाईच्या हंगामात. कुणी राणे यांचं नाव घेऊन "असे कोकणी हवेत" म्हणत नाही. उस्मान यांचं नाव घेतलं की मात्र ते लगेच आमच्या सगळ्या कौमचं चारित्र्य प्रमाणपत्र होतं. यात पाहुण्यांचाच दोष आहे असं नाही. आम्हीही ते प्रमाणपत्र खिशात घालून हिंडतो. कुणी संशयानं पाहिलं की पटकन बाहेर काढतो: हे बघा उस्मान, हे बघा अब्दुल हमीद. मला हे आता अपमानाचं वाटतं, आमच्यापेक्षा त्या दोघांच्या अपमानाचं. त्यांनी एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट जागी एक काम केलं. पदकाच्या प्रशस्तिपत्रात तेच काम लिहिलेलं असतं. जातधर्माचा रकाना तिथं नसतो. त्यांच्या मरणावर आमच्या निष्ठेचा जामीन काढणं हा त्यांच्या पदकाचा चुकीचा वापर आहे.

आता आपल्या मुलखाकडे येतो. इथं रणांगण नाही, पण माणसाची परीक्षा दर पावसाळ्यात होते. २५ जुलै २००५ च्या पावसात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी आणि इतर गाड्या नदीत गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली, ३० जण गेले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली, १६ जण गेले, आणि दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून चार वर्षांचं लेकरू जिवंत निघालं. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुरात बुडालं, तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडीखाली माणसं गाडली गेली.

२००५ नंतरच्या प्रत्येक वेळी एनडीआरएफ आली, २०१६ ला नौदल आणि तटरक्षक दलही आलं. त्यांचं ऋण मोठं आहे. पण बाहेरची मदत यायला वेळ लागतो. ती येईपर्यंतच्या तासांत कोण होतं? दोर बांधून शेकडो फूट दरीत उतरलेले महाबळेश्वरचे आणि इकडचे ट्रेकर होते. पूल गेल्याचं कळताच अंधारात, पावसात रस्त्यावर उभं राहून पुढच्या गाड्या थांबवणारा माणूस होता. इमारत हलायला लागल्यावर स्वतः पळण्याऐवजी शेजाऱ्यांची दारं वाजवणारे होते. पोकलेनवर तासन् तास बसून एकेक स्लॅब अलगद उचलणारे चालक होते. होड्या आणि ट्यूब घेऊन बाजारपेठेत फिरणारी पोरं होती. भोई, कातकरी, धनगर, मराठे, बौद्ध, मुसलमान, सगळे. दुसऱ्या दिवशी बातमीत त्या सगळ्यांना मिळून दोन शब्द मिळाले: 'स्थानिक तरुणांनी'. आमच्यातल्या कुणी वाईट काम केलं तर पूर्ण नाव, बापाच्या नावासकट छापून येतं. चांगलं केलं की तो 'स्थानिक तरुण' होतो. हे मुसलमानांपुरतं नाही. कातकरी पोराचंही असंच होतं.

अशा माणसांसाठी सरकारचं पदक आहे, हे किती जणांना माहीत आहे? जीवन रक्षा पदक. १९६१ साली सुरू झालं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत: सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. बुडणारा, आगीत सापडलेला, अपघातात, दरडीत, खाणीत अडकलेला माणूस वाचवणाऱ्या कुणालाही ते मिळू शकतं, मरणोत्तरही मिळतं. सैन्य, पोलीस, अग्निशमन दलाच्या लोकांना कर्तव्यावर असताना केलेल्या कामासाठी ते नाही, म्हणजे हे खास तुमच्या-आमच्यासारख्यांचं पदक आहे. शिफारस जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. आणि एक अट आहे: घटनेला दोन वर्षं होण्याच्या आत शिफारस गेली पाहिजे.

ही अट मला आता झोपेतही आठवते. कारण सांगतो.

२०२१ च्या पुरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दोन मित्रांना घेऊन, ट्रकच्या ट्यूब आणि दोरावर, एका गल्लीतून अकरा माणसं बाहेर काढली. तो फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करायचा. शाळेत असताना त्याची मराठी शुद्धलेखनाची वही मी कितीदा लाल केली होती. त्या अकरांत बाजारपेठेतल्या एका दुकानदाराची आई होती, अंथरुणाला खिळलेली. तिला त्यानं गादीसकट ट्यूबवर बांधून आणलं. दोनदा तो स्वतः विजेच्या खांबाला धडकून पाण्याखाली गेला होता.

पाणी ओसरल्यावर एका संस्थेनं त्याला शाल-श्रीफळ दिलं. फोटो निघाला. दोन महिन्यांनी त्याची आई माझ्याकडे आली. "सर, कुणीतरी सांगितलं की सरकारचं मेडल असतं. तुमची मराठी चांगली. तेवढा अर्ज लिहून द्या ना."

मी हो म्हटलं. एका कार्यालयात जाऊनही आलो. तिथं सांगितलं, प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे जबाब आणा, तारीख-वेळ-ठिकाण नीट लिहा, वर्तमानपत्रातली कात्रणं जोडा. काही चुकीचं मागितलं नव्हतं. तो दुकानदार जबाब द्यायला एका पायावर तयार होता. दोनदा रस्त्यात भेटला तेव्हा त्यानंच विचारलं, "मास्तर, कागद कधी आणताय सहीला?" मी म्हटलं, या आठवड्यात. मग शाळा पुन्हा सुरू झाल्या, पेपर तपासणी आली, रमजान आला, प्रशिक्षण आलं, निवडणुकीचं काम आलं. फाईल कपाटात राहिली. एक दिवस कपाट आवरताना ती हाताला लागली तेव्हा २०२३ चा ऑगस्ट होता. मुदत जुलैमध्येच संपली होती. दुकानदारही तोवर मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेला होता.

मी त्या मुलाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या सर, माझा व्हिसा आलाय." तो आता कुवेतला आहे. तो खरोखर रागावला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्यानं कधी अपेक्षाच केली नव्हती. अपेक्षा त्याच्या आईनं केली होती, आणि ती एका शिक्षकाकडून केली होती.

ही गोष्ट मी जमातीतल्या एका बुजुर्गांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बेटा, नेकी कर आणि विसरून जा. नियत साफ असेल तर अज्र अल्लाहकडे आहे. मेडल कशाला? त्यात दिखावा येतो." त्यांचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. ज्यानं काम केलं त्यानं विसरावं, हे अगदी बरोबर. पण ज्यांचे जीव वाचले, ज्यांनी पाहिलं, त्यांनीही विसरावं असं कुठं सांगितलं आहे? सूरह अल-माइदातली एक जीव वाचवण्याची थोरवी सांगणारी आयत आपण प्रत्येक व्यासपीठावर ऐकवतो. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, हे मुलांना विचारून पाहा. ती सूरह अल-बकरात आहे आणि उसनवारीच्या व्यवहाराबद्दल आहे: कर्ज घेतलं तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं नीट लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नका, असा तिचा आशय. पाचशे रुपयांचं उसनं आपण किराण्याच्या वहीत लिहितो. अकरा जिवांचं कर्ज मी कपाटात ठेवलं. दिखावा करणाऱ्याचा गुन्हा असेल तर असेल, पण साक्ष दडपणाऱ्याचा त्याहून मोठा आहे. मी मुद्दाम दडपली नाही, आळसानं दडपली. शेवट एकच झाला.

पदकानं त्या मुलाचं आयुष्य बदललं असतं असं मी म्हणत नाही. थोडी रक्कम मिळाली असती, नाव राजपत्रात आलं असतं. पण उद्या सातवीतला मुलगा "इकडचं कोणी?" असं विचारतो, तेव्हा त्याला बोट ठेवून दाखवायला एक कागद असता. त्यावर महाड लिहिलेलं असतं, त्या रात्रीचं काम लिहिलेलं असतं, आणि नाव पूर्ण, बापाच्या नावासकट असतं.

सरकारनं काय करावं, यावर मी फार लिहिणार नाही. एवढंच की एवढ्या मोठ्या आपत्तीनंतर पंचनामे घराचे, गुरांचे, भाताचे होतात. त्यात एक रकाना 'इथं कुणी कुणाला वाचवलं' याचाही असावा. तलाठी आणि ग्रामसेवक दारोदार फिरतातच, तेव्हा हा एक प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतील. शिफारशीची वाट अर्ज करणाऱ्याच्या मराठीवर अवलंबून राहू नये. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचं शौर्य कमी ठरत नाही.

आपण काय करायचं, ते मात्र सरकारची वाट न बघता करता येतं. आमच्या शाळेत मी यंदापासून एक वही ठेवली आहे. पूर, दरड, अपघात, आग, काहीही झालं की आठवडाभरात मुलांनी आपल्या वाडीत, मोहल्ल्यात जाऊन विचारायचं: कोण बुडत होतं, कुणी काढलं, किती वाजता, कुणी पाहिलं. नाव, तारीख, जागा, साक्षीदाराची सही. वाचवणारा हिंदू की मुसलमान, हे लिहायचं नाही. त्यातलं जे पदकाच्या नियमात बसेल त्याचा अर्ज मी स्वतः महिन्याच्या आत लिहून पोचता करायचा, आणि ती पोच वहीला चिकटवायची. बाकीच्या शाळा, मशिदींच्या जमाती, गणेश मंडळं, ग्रामपंचायती यांनीही अशी वही ठेवली तर बरं होईल. दोनशे पानी वही आणि थोडी नियत, इतकंच लागतं.

वहीच्या पहिल्या पानावर मी २२ जुलै २०२१ ची नोंद केली आहे. अकरा माणसं, तीन मुलं, एक गल्ली. मुदत संपली आहे हे खरं, पण साक्षीला मुदत नसते. डोंबिवलीचा पत्ता मी मिळवला. पुढच्या सुट्टीत जाऊन त्या दुकानदाराची सही घेऊन येणार आहे. तोवर सातवीतल्या त्या मुलानं यंदाचं भाषण बदलून मागितलं आहे. त्याला आता घाडगे हवेत, आणि त्यांच्यानंतर हे पहिलं पान.